तिला खरोखरच आठवत नसेल तर?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझी सून २९ वर्षांची आहे. लग्नाला सहा वर्षे झाली, चार वर्षांचा नातू आहे. एका खासगी कचेरीत ती हिशेबाचे काम पाहते. स्वभावाने शांत, कामाला वाघ. परंतु वर्षभरात काही गोष्टी अशा घडल्या की मी चक्रावून गेले आहे. गेल्या दिवाळीच्या आधी ती कचेरीतून तीन तास उशिरा आली. पिशवीत लहान मुलीच्या मापाच्या लाल बांगड्या, रंगीत खडूंची पेटी आणि राजवाड्याजवळच्या दुकानाची पावती होती. ‘मी तर थेट घरी आले’ असे ती ठामपणे म्हणाली आणि पावती पाहून पांढरीफटक पडली. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मधूनच मोठ्या, वाकड्या अक्षरांत हिंदीत काहीतरी लिहिलेले सापडते. एकदा नुसतेच ‘दरवाज़ा खुला रखना’ एवढे होते. श्रावणात एका संध्याकाळी वीज गेली, तेव्हा ती कपाटाच्या आडोशाला अंग चोरून बसली होती आणि लहान मुलीसारखी हिंदीत बोलत होती. मला तिने ओळखले नाही. थोड्या वेळाने उठून म्हणाली, ‘आई, तुम्ही खाली का बसलात? गुडघे दुखतील.’ मुलगा म्हणतो, ती खोटे बोलते. शेजारच्या बाई म्हणतात, बाहेरचे आहे, जावऱ्याच्या दर्ग्यावर नेऊन आणा. भाच्याने मोबाइलवर काही चित्रफिती दाखवून हे ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ असल्याचे सांगितले. माघात तिच्या मामांकडे लग्न आहे. त्याचा विषय निघाला की तिचे डोके दुखू लागते. हा आजार आहे का, तो ओळखावा कसा, नातवाला तिच्याजवळ ठेवणे सुरक्षित आहे का, हे कृपया सांगावे. तिच्या डाव्या हातावर जुने, पुसट व्रण आहेत, ते मी परवाच पाहिले. (एक वाचक, इंदूर)

आदरणीय ताई,

सादर नमस्कार. आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा शेवटच्या ओळीवर थबकले. व्रणांचा उल्लेख आपण जाता जाता केला आहे. मला मात्र उत्तराची सुरुवात तिथूनच करायची आहे. ते व्रण स्वयंपाकघरातल्या चटक्यांचेही असू शकतील. परंतु ते तिने स्वतः करून घेतलेले असतील, तर बाकीचे सारे प्रश्न मागे पडतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत असे नमूद आहे की, ज्या विकाराची शंका आपल्या घरात बोलली जात आहे, त्याच्या बाह्यरुग्णांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. म्हणून एखाद्या दुपारी दोघीच घरी असताना, भाजी निवडता निवडता, तिच्याकडे रोखून न पाहता, साध्या शब्दांत विचारा: ‘कधी जगणे नकोसे वाटते का गं तुला?’ असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याचेच अनेकांना हायसे वाटते. उत्तर ‘हो’ आले, किंवा उत्तराऐवजी नुसतेच डोळे भरून आले, तरी तिला एकटी सोडू नका, घरातील गोळ्या आणि कीटकनाशके हाताशी ठेवू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि विनामूल्य उपलब्ध आहे. तिथे आपण स्वतःसाठीही बोलू शकता.

आता आपला मुख्य प्रश्न. मी समुपदेशक आहे. पत्रावरून निदान करण्याचा अधिकार मला नाही आणि एका पत्रावरून ते कोणी करूही नये. तरीही आपण जे लिहिले आहे ते तातडीने तपासून घेण्याजोगे आहे, एवढे मी निश्चितपणे म्हणेन. आपल्या पत्रातील एक तपशील मला सर्वांत बोलका वाटला: पावती पाहून ती पांढरीफटक पडली. लपवाछपवी करणाऱ्या माणसाजवळ काहीतरी उत्तर तयार असते, निदान चिडणे तरी तयार असते. तिच्याजवळ काहीच नव्हते. स्वतःच्याच पिशवीतून निघालेली वस्तू तिला परक्याची वाटली. आपल्या चिरंजिवांनी हा क्षण पुन्हा एकदा आठवून पाहावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

भाच्याने सांगितलेल्या नावाविषयी थोडे स्पष्ट करते, कारण मराठीत या बाबतीत मोठाच गोंधळ आहे. ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ हा शब्द आपल्याकडे स्किझोफ्रेनिया या भास-भ्रमांच्या आजारासाठीही सर्रास वापरला जातो, आणि ‘एका देहात दोन माणसे’ या कल्पनेसाठीही. हे दोन निराळे विकार आहेत. ज्याला पूर्वी ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ म्हणत, त्याचे नाव याच अमेरिकी पुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीने बदलून ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’, थोडक्यात डीआयडी, असे केले, आणि नावातील हा बदल केवळ शब्दांचा नव्हता. या माणसांच्या ठायी अनेक व्यक्ती राहत नाहीत. एकाच व्यक्तीची स्मृती, भावना, शरीराची जाणीव आणि ‘मी’पणा यांचे धागे नीट विणले गेलेले नाहीत, असे आज मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही या विकाराला स्वतंत्र स्थान आहे, आणि त्याच्या सौम्य, अपुऱ्या स्वरूपाचीही वेगळी नोंद आहे.

हा विकार ओळखताना लोक चुकीच्या ठिकाणी पाहतात. चित्रपटांनी आपल्याला शिकवले आहे की माणूस अचानक डोळे फिरवील, आवाज बदलेल, निराळे कपडे घालून निराळ्या नावाने वावरू लागेल. प्रत्यक्षात असे उघड रूप फार थोड्यांत दिसते. बहुतेकांच्या बाबतीत हा विकार लपून राहतो, किंबहुना लपून राहणे हेच त्याचे काम असते. त्यामुळे पाहायचे ते नाट्य नव्हे, तर काळातल्या फटी. दुपारचे तीन वाजले होते आणि आता सहा वाजले आहेत, मधले काहीच आठवत नाही. घरात अशी वस्तू सापडते जी आपण घेतल्याचे आठवत नाही, पण पावतीवर पैसे आपणच दिल्याचे दिसते. अनोळखी बाई रस्त्यात हात धरून जुन्या ओळखीने बोलते. आपल्याच वहीत दुसऱ्याच्या वळणाचे अक्षर दिसते. काल सहज जमणारे काम आज हाताला येत नाही. लग्न, बाळंतपण, शिक्षणाची काही वर्षे अशा मोठ्या घटनांचे तुकडेच हरवलेले असतात. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे आणि हे विसरणे यांत फरक आहे: चष्म्याच्या बाबतीत आपण एक बारीकशी गोष्ट हरवतो, इथे माणूस स्वतःच्या आयुष्याचा मधलाच भाग हरवतो आणि तेवढ्या वेळात त्याच्या हातून कामे मात्र झालेली असतात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुणी येत असे. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. तिच्या पर्समध्ये एक छोटी वही असे. कोणाशी काय बोलणे झाले, कोणाला काय देतो म्हटले, कोणाच्या मुलाचे नाव काय, हे सारे ती त्यात टिपून ठेवी, आणि माझ्या खोलीत शिरण्याआधी बाहेरच्या बाकावर बसून ती वही वाचून घेई. मी मनातल्या मनात तिच्या टापटिपीचे कौतुक करीत राहिले. पुष्कळ महिन्यांनी एकदा वही घरी राहिली, आणि मागच्या आठवड्यात आपण इथे आलो होतो हेच तिला ठाऊक नसल्याचे माझ्या ध्यानात आले. ‘हो, म्हणाले होते खरी’ हे वाक्य ती इतक्या सफाईने म्हणे की मला, जिचे कामच हे आहे, तिलाही कळले नाही. म्हणून घरच्या माणसांना वर्षानुवर्षे कळत नाही यात नवल नाही. डॉक्टरांकडे जाऊ लागल्यानंतरही योग्य निदान व्हायला अनेकदा पाच-सात वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो; मधल्या काळात नैराश्य, चिंता, निद्रानाश अशा नावांनी उपचार चालू असतात. ती नावे खोटी नसतात, केवळ अपुरी असतात.

बाहेरून न दिसणारी, आतूनच अनुभवाला येणारी लक्षणेही असतात; ती माणूस आपण होऊन सांगत नाही, कारण सांगितले तर वेडे ठरवतील अशी त्याला धास्ती असते. आपण स्वतःच्या शरीराबाहेर उभे राहून स्वतःकडे पाहत आहोत असे वाटणे. आरशातला चेहरा ओळखीचा असूनही आपला न वाटणे. समोरची माणसे, गल्ली, स्वयंपाकघर काचेपलीकडे असल्यासारखे दिसणे. डोक्याच्या आत कोणीतरी बोलते, भांडते, रडते असे ऐकू येणे, त्यातही कधी लहान मुलाचा आवाज असणे. स्किझोफ्रेनियातही आवाज ऐकू येतात, म्हणून इथे घोटाळा होतो. डीआयडीत हे आवाज बहुधा लहानपणापासूनचे, आपल्या आतूनच येणारे, आपापसांत बोलणारे असतात, आणि माणसाचे एरवीचे वास्तवाचे भान शाबूत असते. मात्र हा फरक घरी बसून ठरवण्यासारखा नाही. याखेरीज जुना भयंकर प्रसंग आत्ताच घडतो आहे अशा रीतीने अंगावर येणे, वाईट स्वप्ने, कारण न सापडणारी डोकेदुखी, कधी झटके आल्यासारखे होणे, आवडीनिवडी अचानक उलटसुलट होणे, स्वतःविषयी ‘आम्ही’ किंवा ‘ती’ असे बोलून जाणे, हेही दिसते. यांपैकी एखादे लक्षण सुटेपणी कोणातही सापडेल. प्रवासात दोन स्थानके कधी गेली ते न कळणे हा तर आपणा सर्वांचाच अनुभव आहे. लक्षणे पुन्हा पुन्हा येतात का, त्यांच्यासोबत स्मृतीतील फटी आहेत का, आणि रोजच्या जगण्यात त्यामुळे अडचण होते का, या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

आपल्या शहरापुरती एक गोष्ट इथे मुद्दाम सांगते. इंदुरातील मराठी घरात माणूस एका वाक्यात दोनदा भाषा बदलतो. देवघरात मराठी, भाजीवाल्याशी हिंदी, राग आला की हमखास हिंदी. मुलांचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले असेल तर त्यांच्या बालपणाची अर्धी भाषा हिंदीच असते. त्यामुळे सून हिंदीत बोलली, हे लक्षण नव्हे. तशीच ती माहेरी एक, सासरी एक आणि कचेरीत एक वागत असेल, तर ते आपल्याकडची प्रत्येक सून करते. तेही लक्षण नव्हे. आपण वर्णन केलेल्या त्या संध्याकाळी लक्षात घेण्याजोग्या गोष्टी निराळ्या आहेत: तिने आपल्याला ओळखले नाही, तिचा आवाज आणि बसणे लहान मुलीचे झाले होते, आणि नंतर त्यातले काहीही तिला ठाऊक नव्हते. गुडघ्यांविषयीचे ते वाक्य वाचताना मला भरून आले. ती परत आली तीच मुळी आपली काळजी घेत परत आली.

शेजारच्या बाईंचा सल्ला हेतूने वाईट नाही, आणि मी कोणाच्या श्रद्धेला हात लावू इच्छित नाही. नवरात्रात, आरतीच्या वेळी, ठरावीक जागी एखाद्या स्त्रीच्या अंगात येते, थोड्या वेळाने उतरते आणि ती आपल्या कामाला लागते. तिला त्याचा त्रास नसतो, घरादाराला ते मान्य असते. अशा परंपरागत अनुभवाला वैद्यकशास्त्रही आजार म्हणत नाही. निदानपुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिलेले आहे. मात्र त्याच पुस्तिकेत असेही लिहिले आहे की काही समाजांत डीआयडी हा ‘झपाटलेपणा’च्या रूपाने प्रकट होतो. म्हणजे विधीशिवाय, इच्छेविरुद्ध, पुन्हा पुन्हा असे होत असेल, त्याने जीव कासावीस होत असेल आणि मधला वेळ पुसला जात असेल, तर त्याला ‘बाहेरचे’ म्हणा किंवा आणखी काही म्हणा, डॉक्टरांची गरज आहेच. आपल्याला कुठे जाऊन दिवा लावायचा असेल, माथा टेकायचा असेल, तर अवश्य जा, तिलाही यावेसे वाटले तर न्या. परंतु धूर देणे, मारणे, बांधून ठेवणे, उपाशी ठेवणे, ‘तू कोण आहेस ते सांग’ म्हणून दरडावणे, यांतले काहीही तिच्या वाट्याला येऊ देऊ नका. ज्या मनाने एकदा भीतीपासून वाचण्यासाठी स्वतःला आतून बाजूला केले असेल, त्याला आणखी भीती दाखवली तर ते आणखी आत जाते.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ थोडा उलगडून सांगायला हवा, कारण सारा विकार त्यात आहे. पिएर जाने या फ्रेंच अभ्यासकाने १८८९ सालीच असे मांडले होते की असह्य अनुभवाने मनाची एकसंधता सुटते आणि स्मृतीचे भाग जाणिवेपासून अलग होऊन स्वतंत्रपणे वावरू लागतात. मूल जन्मतःच एकसंध ‘मी’ घेऊन येत नाही; मायेच्या माणसांच्या संगतीत तो हळूहळू घडतो. त्या कोवळ्या वयात, तेही पुन्हा पुन्हा, मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा टोकाची हेळसांड झाली, पळून जायला जागा नाही आणि कोणाला सांगायची सोय नाही, तर मूल एकच मार्ग काढते: हे माझ्या बाबतीत घडत नाही, दुसऱ्याच कोणाच्या तरी बाबतीत घडते आहे. तेव्हा काढलेला हा मार्ग त्या मुलाला जगवतो. मोठेपणी, सुरक्षित घरात आल्यावर, तोच मार्ग त्याच्या आड येतो. काही अभ्यासकांचे मत निराळे आहे. सूचना, प्रसारमाध्यमे आणि अतिउत्साही उपचारक यांच्यामुळेही अशी लक्षणे आकार घेऊ शकतात, असे ते म्हणतात. हा वाद मी लपवू इच्छित नाही, कारण त्यातून आपल्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट निघते: घरच्यांनी तिच्या त्या लहानग्या रूपाला नाव देऊ नये, ‘तिला बोलाव’ म्हणू नये, मोबाइलवर चित्रीकरण करू नये. भाच्याला प्रेमाने पण स्पष्टपणे सांगा की अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवरून कोणाच्या मनावर चिठ्ठी चिकटवायची नसते.

त्याचप्रमाणे, ‘लहानपणी तुझ्यावर काही प्रसंग आला होता का’ हा प्रश्न आपण विचारू नका. मामांकडच्या लग्नाचा विषय निघाला की तिचे डोके दुखते, हे वाचून माझ्या मनात जे आले तेच आपल्याही मनात आले असणार. परंतु ते केवळ आपल्या मनात आलेले आहे, तिने सांगितलेले नाही. त्या घरात कोणी वारले असेल, तिचा अपमान झाला असेल, किंवा डोकेदुखीचा आणि त्या घराचा काहीच संबंध नसेल. घाईने विचारलेल्या प्रश्नाने एक तर ती मिटून जाईल, किंवा प्रश्नातलेच उत्तर तिच्या आठवणीत मिसळेल. ती आपण होऊन काही बोलली तर ऐका, मध्ये थांबवू नका, पुरावा मागू नका, आणि तिच्या परवानगीशिवाय ते घरात इतर कोणाला सांगू नका.

प्रत्यक्ष तपासणीची सुरुवात शरीरापासून व्हावी. मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागातून उद्भवणाऱ्या अपस्मारात, म्हणजे फिट येण्याच्या आजारात, माणूस काही मिनिटे भान हरपल्यासारखा वागतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही. झोपेच्या गोळ्या, मद्य, डोक्याला लागलेला मार, थायरॉइडचे बिघाड यांनीही स्मृती व वागणे यांत फरक पडतो. म्हणून आधी फॅमिली डॉक्टर, त्यांनी सांगितले तर मेंदूविकारतज्ज्ञ आणि ईईजी (मेंदूतील विद्युतलहरींची तपासणी), आणि त्यासोबतच मनोविकारतज्ज्ञ. एम. वाय. या आपल्या शहरातील सरकारी रुग्णालयाच्या आवारात जायला संकोच वाटत असेल तर खासगी मनोविकारतज्ज्ञही चालतील. मात्र मानसोपचारासाठी ज्यांच्याकडे जाल त्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे निःसंकोचपणे विचारा. डॉक्टर कदाचित २८ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतील. १९८६ साली तयार झालेली ही प्रश्नावली चाळणीसारखी आहे: तिच्यातून शंका कळते, निदान होत नाही. निदान होते ते सविस्तर मुलाखतीतून, एकाहून अधिक भेटींत. आपल्याजवळची माहिती तिथे फार मोलाची ठरेल, म्हणून तारीख, वेळ, त्याआधी काय घडले, किती वेळ टिकले, एवढेच साध्या शब्दांत लिहून ठेवा. ही टिपणे तिच्या पाठीमागे करू नका. ‘डॉक्टरांना सांगायला सोपे जाईल म्हणून लिहीत आहे, तुला हवे तेव्हा वाच’ असे सांगून करा. आपल्याच आयुष्याची हेरगिरी चालू आहे असे तिला वाटता कामा नये.

निदान झालेच, तर उपचार लांबचा पल्ला असतो, वर्षांचा असतो, हे आधीच सांगून ठेवते. खास या विकाराची अशी गोळी नाही. झोप, नैराश्य, चिंता यांसाठी औषधे देतात आणि ती उपयोगी पडतात. मुख्य उपचार बोलण्याचा. त्यात पहिला टप्पा सुरक्षिततेचा आणि स्थैर्याचा असतो. जुन्या आघाताला हात घालायचा तो त्यानंतर, आणि सर्वांत शेवटी मनाच्या सुट्या भागांना एकमेकांशी जोडून रोजचे जगणे सांभाळायचे. पहिल्याच भेटीत ‘संमोहनाने सारे बाहेर काढतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा.

तोवर घरात पुन्हा कधी श्रावणातल्या त्या संध्याकाळसारखे झाले, तर घाबरू नका आणि तिला हलवून जागे करू नका. थोडे अंतर ठेवून, तिच्याच उंचीवर बसा, जसे आपण त्या दिवशी आपोआप बसलात. दिवा लावा. दार उघडे ठेवा. वहीतले ते एक वाक्य लक्षात असू द्या. हळू आवाजात सांगा: ‘हे आपले घर आहे, आज अमुक वार आहे, मी इथे आहे, इथे कोणी तुला काही करणार नाही.’ हातात थंड पाण्याचे भांडे द्या, त्याचा गारवा तळव्यांना लागू द्या, खोलीत काय काय दिसते ते विचारा. ती सावरली की ‘काय झाले होते तुला?’ अशी चौकशी करू नका. ‘थोडा वेळ तू गोंधळलेली होतीस, आता बरे वाटते का?’ एवढे पुरे. आणि पुढे कधी ‘मला आठवत नाही’ असे तिने म्हटले, तर त्या वाक्याला या घरात शिक्षा नाही, हे तिला कळू द्या. आज ती ते वाक्य बोलायला घाबरते, म्हणून ‘मी थेट घरी आले’ असे म्हणते. तिला आठवणारी शेवटची गोष्ट तीच असते.

नातवाविषयीची आपली काळजी स्वाभाविक आहे. या विकाराची माणसे हिंसक असतात ही समजूत चित्रपटांची आहे. त्यांच्याकडून इजा होण्याचा धोका असतो तो मुख्यतः स्वतःला. आई म्हणून ती नातवाशी कशी वागते हे आपण चार वर्षे पाहिले आहे, त्यावर विश्वास ठेवा. परंतु वेळेचे भान सुटते तेव्हा गॅस चालू राहू शकतो, मूल बागेत एकटे राहू शकते, गाडी चालवताना अपघात होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांचा सल्ला मिळेपर्यंत तिने नातवाला घेऊन स्कूटर चालवू नये, आणि मुलाची आंघोळ, शाळेतून आणणे अशा कामांच्या वेळी घरातले आणखी कोणीतरी सोबत असावे. हे तिच्याशी बोलून ठरवा. मुलाला तिच्यापासून दूर ठेवण्याची भाषा रागाच्या भरातही कोणाच्या तोंडून निघू देऊ नका.

चिरंजिवांना एकच सांगा की डॉक्टरांच्या पहिल्या भेटीला त्यांनी सोबत यावे, आरोप सिद्ध करायला नव्हे तर ऐकायला. तिच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवली जाणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तिला दिलेला हक्क आहे. तेव्हा डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलू इच्छितील आणि त्यातले सर्व काही आपल्याला सांगणार नाहीत, याचे वाईट वाटून घेऊ नये.

राहता राहिले माघातले लग्न. तिला जायचे आहे की नाही, हे तिला विचारा, आणि कारण विचारू नका. ती जाते म्हणाली तर आपण सोबत जा, रात्रीचा मुक्काम टाळा आणि तिने खूण करताच निघता येईल अशी व्यवस्था ठेवा. ती नको म्हणाली, तर तिच्या माहेरी फोन आपण स्वतः करा आणि सांगा की माझ्या गुडघ्यांचे दुखणे वाढले आहे, या दिवसांत सुनेला माझ्याजवळून हलता येणार नाही.

आपली,
समुपदेशक